तळ्यात सोडलेला ट्राउट कसा गरवावा

गरवायला मी शिकलो रेवदंड्याच्या खाडीवर. बोटाला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला शिसं आणि गरी (गळाचा आकडा), आमिषाला कोलंबीचा तुकडा. दांडी नाही, रील नाही. शिंगाळी लागली की थेट बोटालाच कळायचं. न्यू जर्सीत आलो, आणि एप्रिलमधल्या एका थंडगार शनिवारी एडिसनच्या टाउनशिप कचेरीशेजारी, लेक पापायानीच्या काठावर, शंभरेक माणसं खुर्च्या टाकून बसलेली पाहिली. चौकशी केल्यावर कळलं की सरकारी ट्रक येतो, तळ्यात ट्राउट ओतून जातो आणि मग ही मंडळी ते पकडतात. मला हसूच आलं. पिंपातले मासे धरायला एवढी रांग कशाला?

पुढच्या वर्षी मीही गेलो. पाच तास बसलो. एकही मासा लागला नाही. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी गुलाबी रॉड घेऊन बसली होती, तिने चार काढले. चौथ्यानंतर तिच्या आजोबांनी माझ्या दोरीकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं, "तुम्ही शार्कसाठी आलायत का?"

तंगूस जाड, गरी मोठी, आमिष चुकीचं आणि बसण्याची जागा त्याहून चुकीची. त्या दिवशीच्या चुका एकेक करून सुटायला मला तीन हंगाम लागले. तुमचे ते वाचावेत म्हणून हे लिहितोय. रॉड कधी हातात न धरलेल्यांसाठी आहेच, पण खाडीवर, धरणावर, नदीवर गरवलेल्यांसाठी जास्त आहे, कारण आपल्याला सगळं येतं असं आपल्याला वाटत असतं.

आधी मासा समजून घ्या

इथल्या तळ्यांत सोडतात तो रेनबो ट्राउट. मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा, म्हणजे न्यू जर्सीत तोही परकाच. इथला अस्सल रहिवासी ब्रूक ट्राउट. तो या राज्याचा अधिकृत मासा आहे, पण त्याला डोंगरातल्या थंड ओढ्यांखेरीज काही मानवत नाही. पूर्वी ब्रूक, ब्राउन आणि रेनबो तिन्ही सोडत असत. २०१३-१४ मध्ये पेक्वेस्टच्या हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, फुरंक्युलोसिस नावाचा जिवाणूजन्य रोग आला. त्याला ब्रूक आणि ब्राउन पटकन बळी पडतात, रेनबो बऱ्यापैकी टिकाव धरतो. तेव्हापासून तळ्यांसाठी रेनबोच वाढवतात.

ही पेक्वेस्ट हॅचरी वॉरन काउंटीत ऑक्सफर्डजवळ आहे. एकदा मुलांना घेऊन जाऊन या. जमिनीखालून उपसलेलं गार पाणी लांबलचक हौदांतून वाहत असतं आणि त्यात मासे वाढत असतात. अंड्यापासून साडेदहा-अकरा इंचांपर्यंत यायला सुमारे १८ महिने लागतात. दर वसंतात पाच लाखांहून जास्त मासे इथून राज्यभर जातात.

गरवणाऱ्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एकच. या माशाने दीड वर्ष वरून पडणारं गोळी खाद्य खाल्लेलं असतं. किडा, गांडूळ, बारका मासा हे त्याचं अन्न आहे हे त्याच्या रक्तात असतं, पण अनुभवात नसतं. तळ्यात पडल्यावर पहिला दिवस तो गांगरलेला असतो आणि फारसं खात नाही. पुढचे काही दिवस ट्रक जिथे रिकामा झाला त्याच परिसरात घोळक्याने फिरतो आणि गोळीसारखं जे दिसेल ते तोंडात घेऊन पाहतो. आठवड्या-दोन आठवड्यांत शहाणा होतो, तळंभर पसरतो आणि खरंखुरं अन्न शोधू लागतो. म्हणजे तळं तेच, मासा तोच, पण पहिल्या शनिवारी चालणारं आमिष तिसऱ्या शनिवारी चालेलच असं नाही.

दुसरी गोष्ट तापमान. ट्राउट खूश असतो १० ते १६ अंश सेल्सिअसला, इथल्या भाषेत ५० ते ६० फॅरनहाइट. पाणी ७० फॅरनहाइटच्या, म्हणजे २१ सेल्सिअसच्या पुढे गेलं की तो खाणं टाकतो, आणखी तापलं तर मरतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो. १० अंशाला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २५ अंशाला आठच्या जरा वर. इथल्या गावांतल्या उथळ तळ्यांचं पाणी जुलैत वर तापतं आणि तळाशी प्राणवायू उरत नाही. ट्राउटला जायला जागाच राहत नाही. राउंड व्हॅलीसारख्या १८० फूट खोल जलाशयात तो उन्हाळा काढतो, एडिसनच्या तळ्यात नाही.

म्हणून इथे मासा घरी नेऊन खाण्यात अपराध वाटून घेऊ नका. तो त्यासाठीच सोडलेला असतो. परवान्याचे आणि स्टॅम्पचे पैसे आपण त्यासाठीच भरलेले असतात.

परवाना, स्टॅम्प आणि तारीख

वय १६ ते ६९ असेल तर गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो, आणि ट्राउटसाठी त्यावर वेगळा ट्राउट स्टॅम्प. हा दुसरा भाग आपली माणसं हमखास विसरतात. दोन्ही ऑनलाइन मिळतात. सोळाखालच्या मुलांना काही लागत नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना मात्र लागतो, तोही अनिवासी. थोड्या दिवसांचा स्वस्त प्रकार मिळतो, तो काढा. "ते नुसते रॉड धरून बसलेत" हे कारण वॉर्डन ऐकून घेत नाहीत. वर्षातून दोन दिवस, एक जूनमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये, परवान्याशिवाय गरवायची मुभा असते. छंद आपल्याला जमेल का याची चाचणी त्या दिवशी घ्या, पण जूनमध्ये ट्राउटची फार आशा ठेवू नका.

हंगाम उघडतो एप्रिलच्या सुरुवातीच्या एखाद्या शनिवारी सकाळी ८ वाजता. त्याआधीचे साधारण तीन आठवडे ट्रक यादीतल्या पाण्यांत मासे सोडत असतात आणि त्या काळात ट्राउट ठेवता येत नाही. उघडल्यापासून ३१ मेपर्यंत माणशी दिवसाला सहा, नंतर चार, आणि लांबी किमान नऊ इंच. दर वर्षी राज्याच्या मत्स्य विभागाचं डायजेस्ट, म्हणजे नियमांची पुस्तिका, निघतं, घरून निघण्यापूर्वी त्या वर्षीचं डायजेस्ट वाचा. बारीकसारीक बदल होत असतात. पाण्यापाण्याचे नियमही वेगळे असतात.

त्याच विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या आठवड्यात कुठल्या पाण्यात मासे सोडणार याची यादी लागते. एडिसनमधली दोन नावं मी तिथे वर्षानुवर्षं पाहत आलोय: लेक पापायानी आणि मेनलो पार्क मॉलसमोरच्या रूझवेल्ट पार्कमधलं तळं. ओक ट्री रोडला भाजी घ्यायला जाणारं कुणीही गाडी थोडी पुढे काढली की तिथे पोचतं. मर्सरमध्ये रोझडेल लेक, एसेक्समध्ये व्हेरोना पार्क लेक, फ्रीहोल्डकडे टोपॅनेमस.

पहिल्या दिवशी जावं का? एकदा जरूर जा, जत्रा म्हणून. खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात, आठ वाजले की एकदम शंभर गळ पाण्यात पडतात आणि पुढची वीस मिनिटं सगळे एकमेकांचे गुंते सोडवत बसतात. मासा हवा असेल तर मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत, पुन्हा मासे सोडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कामाला जाण्यापूर्वी तासभर जा. गर्दी नसते, मासा भानावर आलेला असतो आणि भुकेलेलाही. मला विचाराल तर सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबरअखेरचा. थँक्सगिव्हिंगच्या आसपास काही निवडक तळ्यांत मोठे, १४ ते १६ इंची मासे सोडतात. तोवर काठावर चिटपाखरू नसतं, असतात ती फक्त कॅनडा गीज. फक्त एक पाळा: तळं गोठलं की बर्फावर पाय ठेवू नका. किमान चार इंच घट्ट, स्वच्छ बर्फ लागतो असं इथले जाणते सांगतात, आणि आपल्या भागात तेवढा भरवशाचा बर्फ क्वचितच धरतो.

सामान

खाडीवाल्यांनी आधी हात आवरावा. इथे सगळं नाजूक लागतं. साडेपाच ते साडेसहा फुटांचा अल्ट्रालाइट रॉड, १००० किंवा २००० आकाराचं स्पिनिंग रील, त्यावर चार पौंडी, म्हणजे चार पौंड ओढ सोसणारं, नायलॉन. सहा पौंडी चालेल, त्यापुढे नाही. मी पहिल्या वर्षी २० पौंडी घेऊन गेलो होतो. एप्रिलचं पाणी काचेसारखं असतं आणि ट्राउटची नजर तेज. त्याला ती दोरी म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांची तार दिसत असणार.

गरीच्या बाबतीत इथला हिशेब उलटा आहे हे लक्षात ठेवा. आकडा जितका मोठा तितकी गरी लहान. गांडुळासाठी १० नंबरची एकेरी, पीठ-आमिषासाठी १४ किंवा १६ची. ट्रेबल म्हणजे तीन काट्यांची गरीही पिठासाठी विकतात. पीठ तिला छान धरून राहतं, पण माशाच्या घशातून ती काढणं म्हणजे उच्छाद. मी एकेरीच वापरतो.

याशिवाय: पाव औंसाची (सुमारे सात ग्रॅम) किंवा त्याहून हलकी, आरपार भोक असलेली शिशाची अंडी, बारीक स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी), मिरीच्या दाण्याएवढे चिमटीत बसणारे शिसाचे मणी, एकदोन छोटे बॉबर (पाण्यावर तरंगणारे गोळे), चार पौंडी फ्लोरोकार्बनची गुंडी, लांब नाकाची पक्कड, रबरी जाळीचं हातजाळं आणि बर्फाची पेटी. बोटं उघडी राहणारे हातमोजे विसरू नका. एप्रिलच्या सकाळी सातला बारीक गरीतून तंगूस ओवून पाहा, मग कळेल का ते.

आमिषांत पहिलं पीठ. बर्कलेचं पॉवरबेट सगळीकडे बाटलीत मिळतं. लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखं, भडक रंगाचं, वास उग्र. त्याचा गुण असा की ते तरंगतं. वास वेगवेगळे येतात, त्यात लसणाचा चांगला चालतो असं इथले लोक कौतुकाने सांगतात. लसूण लावल्यावर मासा चांगला लागतो हे आपल्याला काही नवीन नाही. दुसरं गांडूळ, आणि तेही अर्धंच. तिसरं डब्यातला मका, एका गरीला दोन दाणे. कोलंबी घरीच ठेवा. त्या पाच तासांत मी पाव किलो कोलंबी तळ्यातल्या कासवांना खाऊ घातली असणार.

बांधणी आणि गाठ

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकच बांधणी शिकावी, सरकत्या शिशाची. बाकी सगळं नंतर.

१. रीलवरून आलेल्या तंगुसात शिशाची अंडी ओवा. ती मोकळी सरकली पाहिजे.

२. टोकाला स्विव्हल बांधा. शिसं आता त्याच्या खाली उतरणार नाही.

३. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला दीड ते दोन फूट फ्लोरोकार्बन बांधा. पाण्यात तो जवळजवळ दिसत नाही.

४. त्याच्या टोकाला गरी.

५. वाटाण्याएवढं पीठ मळून गरीभोवती थेंबासारखं निमुळतं बसवा. गरीचा काटा, दांडा, काहीच दिसता कामा नये. मग काठाशी, पायाजवळच्या पाण्यात सोडून पाहा. वर आलं पाहिजे. आलं नाही तर गरी जड आहे किंवा पीठ कमी आहे.

फेकल्यावर शिसं तळाशी बसतं आणि आमिष त्याच्यापासून दीड-दोन फूट वर तरंगत राहतं, म्हणजे ट्राउट फिरतो नेमक्या त्याच थरात. त्याने ते तोंडात घेऊन चालायला सुरुवात केली की तंगूस शिशातून सरकतो, त्याला वजन जाणवत नाही. वजन जाणवलं तर तो थुंकून टाकतो. माझं शिसं पक्कं बांधलेलं होतं. खाडीच्या ओढीत तेच लागतं, इथे त्याने घात केला.

गाठीचं सांगतो, कारण मासा सुटण्याचं निम्मं कारण गाठ असते. टोक गरीच्या डोळ्यातून ओवा. मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्या. टोक मागे आणून डोळ्यालगतच्या छोट्या फाशातून काढा, त्यामुळे जो मोठा फासा तयार झाला त्यातूनही काढा. आता थुंकीने ओलं करा आणि हळूहळू ओढून घट्ट करा. कोरडीच ओढली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका तिथे कच्चा होतो. रात्री टीव्हीसमोर बसून पन्नास वेळा बांधा. बायको हसेल, हसू द्या.

शेवटी रीलचा ड्रॅग. चार पौंडी तंगुसाला एक पौंडाच्या आसपास ओढ बसली की रीलने दोरी सोडायला हवी. वजनकाटा नको, हाताने ओढून पाहा: जरा जोर लावल्यावर कुरकुरत पण झटके न खाता दोरी यायला पाहिजे.

कुठे बसायचं

सावली, बाक आणि पार्किंग पाहून मी जागा निवडली होती. मासा असल्या गोष्टी पाहत नाही.

आधी तळ्याला एक फेरी मारा, रॉड गाडीतच ठेवून. पहिल्या दिवसांत ट्रक कुठे लागला असेल ते पाहा. जिथे मोठी गाडी पाण्याच्या सगळ्यात जवळ जाऊ शकते ती जागा. ओढा किंवा पावसाच्या पाण्याचा नळ जिथे तळ्यात उतरतो ती दुसरी. वारा कुठून कुठे वाहतोय ते पाहा आणि वारा तोंडावर येणाऱ्या काठावर बसा. किडे, बिया, पाण्यावरचं सगळं तरंगतं अन्न तिकडे ढकललं जातं आणि मासे त्यामागे येतात. तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, फेकही तोकडी पडते, म्हणूनच तो काठ रिकामा मिळतो. कारंजं असेल तर त्याच्या परिघावर प्राणवायू जास्त असतो, मेमध्ये तिथे नक्की प्रयत्न करा.

आणि पाय जपून टाका. सकाळी ट्राउट काठापासून दहा फुटांवर फिरत असतो. लोक मात्र जोर लावून तळ्याच्या मध्यावर फेकतात. मी पहिली फेक नेहमी काठाला समांतर टाकतो.

वीस मिनिटांत काही नाही झालं तर जागा बदला किंवा लीडरची, म्हणजे स्विव्हलपासून गरीपर्यंतच्या फ्लोरोकार्बनची, लांबी बदला, दीड फुटाचा तीन फूट करा. आमिषाचा रंग बदलत बसण्यात लोक निम्मी सकाळ घालवतात. रंग मी सगळ्यात शेवटी बदलतो.

बसून राहवत नसेल तर

तळ्यातल्या ट्राउटचा खरा आनंद मला स्पिनर लावल्यावर कळला. स्पिनर म्हणजे तारेवर गरगरणारं छोटं पातं आणि मागे गरी. एक सोळांश ते एक अष्टमांश औंसाचे, मेप्स किंवा पँथर मार्टिनचे घ्या. वर स्नॅप स्विव्हल लावा, नाहीतर तंगुसाला पीळ पडून रीलवर जटा होतात.

फेका आणि मनात आकडे मोजत तो बुडू द्या. पहिल्यांदा तीनपर्यंत, मग पाच, मग सात. मासा लागला तो आकडा लक्षात ठेवा, त्या दिवशी मासे त्या थरात आहेत. ओढण्याचा वेग असा हवा की पातं जेमतेम फिरत राहील आणि त्याची थरथर रॉडच्या मुठीत जाणवेल. मधूनच अर्धा क्षण थांबा. पाठलाग करत आलेला मासा बहुतेक वेळा त्या थांबण्यातच घेतो. पंखा उघडावा तशा फेका टाका, डावीकडून उजवीकडे, मग दहा पावलं पुढे.

पिठावर बसलेला माणूस माशाची वाट पाहतो. स्पिनरवाला अख्खं तळं चालून येतो. दुसऱ्या आठवड्यानंतर, मासे पसरले आणि पिठाला विटले की, हाच प्रकार जास्त चालतो. शिवाय मासा सोडायचा असेल तरी हाच बरा, कारण गरी ओठात अडकते. पीठ-गांडूळ तो गिळतो आणि गरी पार आत जाते. तसा मासा सोडलात तरी तो बऱ्याचदा जगत नाही. माझा नियम: आमिष लावलं तर मासा घरी, सहा झाले की रॉड गाडीत. सोडायचा असेल तर स्पिनर, गरीच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबलेला, हात ओले करून, माशाला शक्यतो पाण्याबाहेर न काढता. पाणी तापलेलं असेल तर सोडण्यासाठी पकडण्याचा खेळच करू नये.

लागल्यावर

ट्राउट लागला की खाडीवाला माणूस जोरात हिसका देतो. चार पौंडी तंगूस तिथेच तुटतो. फक्त रॉड उचला, वाकलेला ठेवा आणि माशाला धावू द्या. ड्रॅग कुरकुरत असताना रील फिरवू नका, त्याने दोरीला नुसता पीळ पडतो. तो दमून वळला की गुंडाळा. रेनबो उड्या मारतो, अकरा इंची मासाही दोन फूट हवेत जातो. तो वर आला की रॉडचं टोक झटकन खाली करा, दोरी क्षणभर सैल पडू द्या. ताठ दोरीवर त्याने डोकं झटकलं की गरी निसटते. जाळं पाण्यात स्थिर धरून मासा डोक्याकडून त्यावर आणा. जाळं घेऊन त्याच्या मागे धावणारे त्याला घाबरवून घालवतात. मीही घालवलेत.

शेजाऱ्याशी गुंता झाला तर आधी आपली दोरी सैल सोडा, मग माफी मागा. समोरासमोर सरळ फेका, तिरकी नको. कापलेला तंगूस खिशात घाला. बदकांच्या पायांत अडकलेला पाहिला की मासे खायची इच्छा मरते. मुलांना टोपी आणि चष्मा घाला, सगळ्यात धोका मागे फेकलेल्या गरीचा. आणि घरी आल्यावर पायांवर, मानेवर गोचीड आहे का ते तपासा. गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगामुळे इथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

घरी

ठेवायचा मासा तडफडत ठेवू नका. छोट्या लाकडी दांडक्याचा डोक्यावर डोळ्यांमागे एक नेमका ठोका, मग कल्ल्याखाली चीर देऊन रक्त जाऊ द्या, लगेच बर्फात. ट्राउटचं मांस मऊ, उन्हात तासाभरात ढिलं पडतं.

साफ करायला सोपा. खवले इतके बारीक की काढायची गरजच नाही, फक्त मीठ चोळून बुळबुळीतपणा धुऊन टाका. गुदद्वारापासून जबड्यापर्यंत पोट चिरा, आतडी आणि कल्ले एकत्र ओढून काढा. कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ चमच्याच्या टोकाने खरवडा. ती राहिली की मासा कडवट लागतो, आणि मग लोक म्हणतात तळ्याचा वास येतो. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी फुकटचा सल्ला: आतडी वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग कचऱ्याच्या गाडीच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये. हे न केल्यामुळे आमच्या मजल्यावर एकदा बैठक भरली होती.

तव्यावरचा मासा म्हणून ट्राउटला तोड नाही. अख्खा ठेवा, दोन्ही बाजूंना तीन तिरप्या चिरा. मीठ, हळद, लिंबू लावून वीस मिनिटं. मग आलं-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबिरीचं वाटण पातळसर, पोटातही. नंतर पाणी टिपून घ्या, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवा आणि मध्यम आचेवर एकेक बाजू चार-पाच मिनिटं. मालवणी मसाला नको, बांगडा तो झेलतो, हा झेलत नाही. कालवण तर नकोच, मासा रश्श्यात विरघळतो, असं मी कैक वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

मग आई आली. तिने सिंकमधला मासा उलटापालटा करून पाहिला, "याला खवले कुठायत?" म्हणाली, आणि मला न विचारता नारळ फोडला. कोकमं टाकून रस्सा आधी चांगला उकळून घेतला, गॅस बारीक केला, तुकडे अलगद सोडले आणि पाच मिनिटांत भांडं उतरवलं. एकही तुकडा फुटला नव्हता.

पुढच्या शनिवारी तिचा अनिवासी परवाना काढला, स्टॅम्पसकट. लेक पापायानीवर, वारा तोंडावर घेणाऱ्या काठाला खुर्ची टाकून दिली, कोट, मफलर, वरून माझे हातमोजे. हातमोजे तिने काढून ठेवले. रॉड काठीच्या दुबेळक्यात टेकवला होता. त्याच्या टोकाकडे मी टक लावून बसलो होतो. तिने रीलपुढचा तंगूस ओढून तर्जनीवर घेतला आणि तळ्याकडे न बघता थर्मासमधला चहा ओतायला लागली. टोक हललं नव्हतं, तंगूस हललेला मला दिसला नव्हता.

"घेतलाय बघ," ती म्हणाली.